मीर उस्मान अली खान : इंग्रजांचे एकनिष्ठ दोस्त

परभणी जिल्ह्यांतील आमच्या वाचकांच्या वाडवडिलांनीं ज्यांच्या खजिन्यांत शेतसारा भरला, त्या सातव्या निजामांचें चरित्र थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांच्या संपत्तीच्या व काटकसरीच्या गोष्टी पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येतात. त्या आम्ही येथें सोडून देतों. इंग्रजांच्या दोन महायुद्धांत त्यांनीं काय दिलें आणि त्याच्या बदल्यांत त्यांस काय मिळालें, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

मीर उस्मान अली खान यांचा जन्म ६ एप्रिल १८८६ रोजीं हैदराबादेस झाला. वडील महबूब अली खान वारल्यावर १९११ सालीं ते गादीवर आले. राज्याबरोबर एक जुनें दुखणेंहि त्यांच्या वांट्यास आलें, तें वऱ्हाडाचें. निजामाच्या खर्चानें, परंतु इंग्रज अंमलदारांच्या हुकुमांत, एक फौज ठेविलेली असे. तिची एक छावणी हिंगोलीस होती. (हिंगोली १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यांत होती.) या फौजेचा पगार थकला, कर्ज चढलें, आणि १८५३ च्या तहानें त्यापोटीं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेलें. तेव्हां गादीवर उस्मान अलींचे पणजोबा होते. १९०२ सालीं लॉर्ड कर्झन यांनीं तो मुलूख वर्षास २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें घेतला. पैनगंगेपलीकडची जमीन नांवानें निजामाची, अंमल मात्र इंग्रजांचा, अशी स्थिति झाली.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें आणि नोव्हेंबरांत तुर्कस्तान इंग्रजांविरुद्ध उभें राहिलें. तुर्कस्तानचा सुलतान हा बहुतेक मुसलमानांचा खलिफा. त्यानें धर्मयुद्ध पुकारलें, तेव्हां हिंदुस्थानांतील मुसलमान शिपाई काय करतील याची सरकारास मोठी धास्ती पडली. निजाम हे या देशांतील सर्वांत मोठे मुसलमान राजे. त्यांनीं जाहीरनामा काढून आपल्या धर्मबंधूंस इंग्रजांशीं एकनिष्ठ राहण्यास सांगितलें. हा एक शब्द कित्येक पलटणींच्या तोलाचा होता, असें आम्हांस वाटतें. शिवाय त्यांनीं घोडेस्वारहि दिले. हैदराबादचे स्वार सुएझ व पॅलेस्टाईनकडे लढण्यास गेले. दिल्लींतील तीन मूर्तींपैकीं एक त्यांच्या स्मरणार्थ उभी आहे. विमानांचें एक पथक निजामांच्या पैशानें सिद्ध झालें, आणि १९१८ सालीं फ्रान्समधून जर्मनीवर जाणाऱ्या त्या विमानांवर हैदराबादचें नांव रंगविलेलें असे. तें नांव कोणाच्या ज्वारी-कापसाच्या साऱ्यांतून रंगविलें गेलें, हें आपल्या खेड्यांतील कुणब्यांस कोणीं सांगितलें नसावें.

त्याच सालीं बादशहांनीं त्यांस एक्झॉल्टेड हायनेस हा इतर राजांहून वरचढ किताब आणि इंग्रज सरकारचे एकनिष्ठ दोस्त ही पदवी दिली. दोस्त हा शब्द निजामांनीं खरा धरला. १९२३ सालीं त्यांनीं व्हाइसरॉयास पत्र लिहून वऱ्हाड परत मागितलें. १९२५ सालीं आणखी पुढें जाऊन, परराष्ट्रीय बाबी वगळतां आपण आपल्या राज्यांत स्वतंत्र आहों, असें कळविलें. लॉर्ड रीडिंग यांचें उत्तर २७ मार्च १९२६ चें आहे. त्याचा मतलब असा, कीं इंग्रजी सत्तेचें श्रेष्ठत्व केवळ तहांवर उभें नाहीं, तें स्वतःसिद्ध आहे. कोणत्याहि संस्थानिकानें तिच्याशीं बरोबरीच्या नात्यानें बोलणें करूं नये. युद्धाचा दोस्त शांततेंत मांडलिक ठरला! १९३६ च्या करारानें वऱ्हाडावर निजामांचें नांवाचें स्वामित्व मान्य झालें आणि युवराजांस प्रिन्स ऑफ बेरार ही पदवी मिळाली; कारभार मात्र मध्यप्रांताकडेच राहिला.

तरीहि दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं हात आंखडला नाहीं. त्यांच्या द्रव्यसाहाय्यानें झालेलें निजाम नांवाचें लढाऊ जहाज १९४१ च्या जानेवारींत ऑस्ट्रेलियाच्या आरमारांत दाखल झालें. ऑस्ट्रेलिया हाहि त्याच साम्राज्याचा दूरचा भाग, पण त्यास स्वराज्य होतें. १९४२ च्या फेब्रुवारींत जपान्यांनीं सिंगापूर घेतलें. तेव्हां चर्चिल साहेबांनीं मध्यपूर्वेंतून मायदेशीं निघालेली ऑस्ट्रेलियन फौज रंगूनकडे न्यावी असा हट्ट धरला, आणि संमति येण्यापूर्वींच जहाजें तिकडे वळविलीं. ऑस्ट्रेलियाचे प्रधान कर्टिन यांनीं साफ नकार दिला, आणि जहाजें परत फिरवावीं लागलीं.

असा नकार निजाम देऊं शकले नाहींत. कर्टिन यांच्या पाठीशीं त्यांस निवडून देणारी प्रजा होती. निजामांनीं जी बरोबरी व्हाइसरॉयाजवळ मागितली, तिचा अंशहि स्वतःच्या रयतेस दिला नाहीं. १९३७ सालीं परतूर येथें, जें तेव्हां परभणी जिल्ह्यांत होतें, महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें आणि प्रजेचीं गाऱ्हाणीं मांडलीं गेलीं. पुढच्याच वर्षीं हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्याआधींच बंदी घालण्यांत आली.

१९४७ सालीं इंग्रज जावयास निघाले, तेव्हां निजामांनीं आपल्या राज्यास डोमिनियनचा दर्जा मागितला. एकाहि संस्थानास तो मिळणार नाहीं, असें इंग्रज सरकारनें ठरविलें होतें. जुन्या दोस्तासाठींहि तें बदललें नाहीं. पुढचें वर्ष आपल्या जिल्ह्यास फार कठीण गेलें. रझाकारांच्या भयानें कित्येक कुटुंबें सीमा ओलांडून वऱ्हाडांत गेलीं. जो मुलूख निजामांस परत हवा होता, तोच त्यांच्या प्रजेचा आसरा झाला. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारताची फौज राज्यांत शिरली आणि १७ तारखेस निजामांनीं हार मानली.

१९५० पासून १९५६ पर्यंत ते हैदराबादचे राजप्रमुख होते. मग तें राज्यच मोडलें आणि परभणी मुंबई राज्यांत आली. २४ फेब्रुवारी १९६७ रोजीं ते हैदराबादेस वारले. अंत्ययात्रेस अफाट जनसमुदाय लोटला होता. किंग कोठीसमोरील मशिदींत, आपल्या आईच्या कबरीजवळ, त्यांस पुरलें आहे.