बाबासाहेबांचे धरण कोणासाठी होते?

बाबासाहेब म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संविधान येते, महाडचे चवदार तळे येते, नागपूरची दीक्षाभूमी येते. दामोदर नदी मात्र येत नाही. १४ एप्रिलच्या आपल्या भाषणांतही तिला क्वचितच जागा मिळते. हा माणूस या देशाच्या धरणांचा आणि विजेचाही शिल्पकार होता, हे आपणच विसरलो तर इतरांना दोष कशाला द्यायचा?

१९०१ सालची गोष्ट. सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे दुष्काळग्रस्तांना काम म्हणून सरकारने तलाव खोदायला घेतला होता. रामजी सुभेदार तेथे खजिनदार होते. त्यांना भेटायला निघालेला भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरला. पुढे बैलगाडीचा प्रवास. शिदोरी जवळ होती, पण अस्पृश्याच्या पोरांना पाणी कोण देणार? मुले उपाशीच झोपली. वाटेच्या शेवटी सरकार पाणी साठवण्यासाठी तळे खोदत होते आणि वाटेवर लेकरांना घोटभर पाणी मिळत नव्हते. पाणी आहे की नाही हा एक प्रश्न. ते कोणाला मिळते हा दुसरा. पहिला प्रश्न इंजिनिअर सोडवतो, दुसरा त्याच्या नकाशात नसतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला हाच दुसरा प्रश्न जगासमोर मांडला.

अर्थतज्ज्ञ म्हणूनही त्यांची नजर अशीच होती. १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिताना त्यांनी नुसता जमिनीचा आकार पाहिला नाही. भांडवल किती, राबणारे हात किती, याचा मेळ पाहिला आणि शेतीवरचा बोजा उद्योगांकडे वळविल्याशिवाय सुटका नाही, असे मांडले.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. कामगार, खाणी, पाटबंधारे आणि वीज ही खाती एकाच टेबलावर आली. पुढच्याच वर्षी, जुलै १९४३ मध्ये दामोदरचा बांध फुटला, बंगालमधील गावे बुडाली, कलकत्त्याकडे जाणारा रेल्वेमार्ग तुटला. बांध आणखी उंच करा आणि पाणी समुद्राकडे लोटा, हा जुना उपाय होता. बाबासाहेबांनी तो मानला नाही. पाणी हे संकट नव्हे, संपत्ती आहे. ते अडवा, त्यातून शेती भिजवा, वीज काढा, नावा चालवा, ही त्यांची भूमिका होती. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे महानदीबाबतही त्यांनी हेच सांगितले.

पण नदी तेव्हाच्या बिहारातून बंगालात जात होती आणि पाटबंधारे हा तर प्रांतांचा विषय. मग केवळ भिंत बांधून भागणार नव्हते, संस्थाही बांधावी लागणार होती. अमेरिकेत १९३३ साली टेनेसी खोऱ्यासाठी एकच प्राधिकरण झाले होते, तो नमुना समोर होता. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याच्या परिषदेत त्यांनी केंद्र आणि दोन्ही प्रांतांना एकत्र बसविले. त्याआधी नोव्हेंबर १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ झाले होते. एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग झाला. वीज कशासाठी, तर उद्योगासाठी. उद्योग कशासाठी, तर दारिद्र्यातून माणसाच्या सुटकेसाठी, ही साखळी त्यांनी कधी तुटू दिली नाही.

त्याच खोऱ्यात झरियाच्या कोळसा खाणी आहेत. डिसेंबर १९४३ मध्ये मंत्री असलेले बाबासाहेब धनबादला खाणीत उतरले. १९४४ साली कोळसा कामगारांसाठी कल्याण निधी आला. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. युद्धात कोळसा कमी पडला तेव्हा सरकारने स्त्रियांच्या भूमिगत कामावरील बंदी उठविली आणि मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांना त्याचे समर्थन करावे लागले. फेब्रुवारी १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. कारखान्यातील ५४ तासांचा आठवडा ४८ तासांवर आणणारे विधेयकही त्यांनी त्याच वर्षी मांडले.

१९४६ मध्ये ते त्या पदावरून दूर झाले. ७ जुलै १९४८ रोजी दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. तिलैया, कोनार, मैथन, पंचेत ही धरणे उभी राहिली. मूळ आराखड्यातील सगळी झालीच नाहीत. वीज आली, पण संथाळ आदिवासींसह हजारो कुटुंबे उठली आणि त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी पिढ्यानपिढ्या चालल्या. भिंतीचे गणित पुढे गेले, माणसाचे मागे राहिले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा मैथन आणि पंचेत पूर्णही झाली नव्हती.

वकील म्हणून मला आज एक गोष्ट खटकते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आवश्यक केला. म्हणजे बाबासाहेबांचा दुसरा प्रश्न कायद्यात आला. परंतु महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना त्या अभ्यासातून सूट देण्याची वाट मोकळी केली. ही सूट कोणाच्या सोयीची? ज्याच्या नावावर सातबारा नाही, जो दुसऱ्याच्या शेतात राबतो, त्याची नोंद अशा अभ्यासातच होते. अभ्यास गेला की तो माणूस कागदावरूनच जातो. आणि हा माणूस बहुतेक वेळा आपलाच असतो.

म्हणून बांधवांनो, गावात रस्ता, धरण किंवा औद्योगिक वसाहत येत असेल तर ग्रामसभेत आणि जनसुनावणीत उभे राहा. विकासाला आंधळा विरोध ही बाबासाहेबांची शिकवण नव्हे. आंधळा होकार तर नव्हेच. पाणी कोणाला, वीज कोणाला, जमीन कोणाची आणि रोजगार कोणाला, ही चार उत्तरे लेखी मागा. तेच दामोदरच्या शिल्पकाराला खरे अभिवादन ठरेल.

जय भीम!