बाबासाहेब आंबेडकर यांची जातिमीमांसा आणि नाशिक जिल्हा

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१, महू – ६ डिसेंबर १९५६, दिल्ली) हे अर्थशास्त्रज्ञ, विधिज्ञ, समाजचिंतक आणि भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. जात कशी उत्पन्न झाली, ती माणसांच्या वर्तनाला व नीतिकल्पनांना कसे वळण देते आणि तिच्यातील विषमता इतकी चिवट का, या प्रश्नांचा त्यांनी चाळीस वर्षे पाठपुरावा केला. त्यांच्या या विचाराला प्रत्यक्ष चळवळीत जे वळण मिळाले, त्यात नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबक, नाशिक आणि येवला या गावांचा वाटा मोठा आहे.

कोलंबियातील निबंध

आंबेडकरांचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. घरात कबीरपंथाचे वातावरण होते. शाळेत भीमरावांना वेगळे बसावे लागे आणि पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची मुभा नसे. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचा त्यांच्यावरील प्रभाव तेथेच पडला.

मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढील वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या काळी हर्बर्ट रिस्ले जातीचे मूळ वंशभेदात शोधत, तर जॉन नेसफील्ड व्यवसायभेदात. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरील ग्रंथही १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. आंबेडकरांनी या साऱ्यांची दखल घेतली, परंतु जातीचे सार वंशात किंवा व्यवसायात नसून सजातीय विवाहाच्या बंधनात आहे, असे प्रतिपादन केले. एखादा गट बाहेर विवाह करणे बंद करतो, तेव्हा त्याला विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समतोल राखावी लागते. मागे उरलेली विधवा हा या समतोलाला धोका ठरतो. म्हणून सती किंवा सक्तीचे वैधव्य येते. विधुरासाठी पुढच्या पिढीतील वधू राखून ठेवावी लागते. म्हणून बालविवाह येतो. नंतर या प्रथांना धर्माची आणि पावित्र्याची भाषा चिकटते. ज्याला समाज नीती म्हणून पूजतो, त्याच्या मुळाशी गट बंद ठेवण्याची गरज असते, असा या मांडणीचा रोख होता. आधी वरच्या वर्गाने स्वतःला कोंडून घेतले आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले, हे सांगताना त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणविषयक सिद्धांताचा आधार घेतला. पंचविशीतील विद्यार्थ्याच्या या निबंधात अस्पृश्यतेची चर्चा मात्र जवळजवळ नाही.

त्र्यंबक

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह (२० मार्च १९२७) आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला झालेले मनुस्मृतीचे दहन यांनंतर आंबेडकरांचे नाव महाराष्ट्रभर झाले होते. ब्रह्मगिरीच्या पायथ्याचे त्र्यंबक हे ज्योतिर्लिंगाचे आणि संत निवृत्तिनाथांच्या समाधीचे क्षेत्र. १९२० च्या दशकाच्या अखेरीस महार समाजातील काही मंडळींनी तेथे संत चोखामेळ्याचे मंदिर उभारण्याचा विचार मांडला. विठ्ठलाचा हा निस्सीम भक्त महार होता आणि पंढरपूरच्या मंदिरात त्याला कधी प्रवेश मिळाला नाही; त्याची समाधी मंदिराच्या दाराबाहेर आहे. त्यामुळे आपल्या संताचे आपले मंदिर ही कल्पना लोकांना जिव्हाळ्याची वाटणे स्वाभाविक होते. आंबेडकरांनी तिला संमती दिली नाही. अस्पृश्यतेचा कलंक नाहीसा करण्यासाठी झटणे हेच चोखोबांचे खरे स्मारक, अशी त्यांची भूमिका होती.

महाड किंवा काळाराम यांच्यापुढे हा प्रसंग लहान दिसतो. पण बंद दाराबाहेर राहिलेल्यांनीही स्वतःचा बंद गट उभारावा, ही अनुकरणाची प्रक्रिया कोलंबियातील निबंधात वर्णिलेलीच होती. वेगळे देऊळ बांधणे म्हणजे वेगळेपणा आपल्या हातांनी पक्का करणे ठरले असते.

काळाराम मंदिर आणि येवला

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव (दादासाहेब) गायकवाड हे त्याचे प्रमुख संघटक होते. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. रामनवमीच्या रथाच्या दिवशी सत्याग्रहींवर दगडफेक झाली. लढा काही वर्षे चालला, मात्र प्रवेश मिळाला नाही. मार्च १९३४ मध्ये आंबेडकरांनी गायकवाडांना पत्राने कळवले की सत्याग्रह पुन्हा सुरू करू नये. मूर्तिपूजेचा हक्क मिळवणे हा आपला हेतू कधीच नव्हता, लोकांना स्वतःच्या स्थितीची जाणीव करून देणे हा होता आणि तो साधला. यापुढे शक्ती शिक्षण व राजकारणाकडे वळवावी, असा त्या पत्राचा आशय आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत त्यांनी हिंदू म्हणून न मरण्याचा निर्धार जाहीर केला.

उत्तरकालीन मांडणी

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ मध्ये त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले, पण भाषणातील विचार न पेलल्याने अधिवेशनच रद्द केले. तेव्हा आंबेडकरांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी त्यात दाखवले. आर्थिक क्रांती झाली की जात आपोआप जाईल, हा समाजवाद्यांचा विश्वास त्यांना मान्य नव्हता. जातीमुळे माणसाची सहानुभूती आणि जबाबदारी जातीपुरती उरते, त्यामुळे सार्वजनिक नीतीच निर्माण होऊ शकत नाही, हा त्यातील सर्वांत बोचरा मुद्दा होय. श्रेणीबद्ध विषमतेची त्यांची कल्पनाही याच विचाराशी जोडलेली आहे: शिडीवरील प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असते, म्हणून शिडी मोडण्यासाठी सगळे एकत्र येत नाहीत.

अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथ त्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. टोळ्यांपासून तुटून गावाबाहेर वसलेले, बौद्ध धर्म न सोडणारे आणि गोमांस खाणारे लोक अस्पृश्य ठरले, हा त्यातील सिद्धांत अभ्यासकांत वादग्रस्त राहिला आहे. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे घोषित केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात इतर धर्मांत ईश्वराला असलेली जागा त्यांनी नीतीला दिली.

१९४८ चा तो ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या अस्पृश्य मानल्या गेलेल्या संतांच्या स्मृतीस अर्पण केला आहे.