फक्त 34 सेकंदांच्या गोळ्या!

परवा रूममेटने कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये ‘वाइल्डकॅट’चं ॲड-ऑन टाकलं. दुसऱ्या महायुद्धात विमानवाहू जहाजावरून उडणारं हे अमेरिकन फायटर. एक बटण दाबलं की चाकं आत. सेटिंगमध्ये टिक केली की गोळ्या अमर्याद. पडलात तर रीस्टार्ट!

खऱ्या वाइल्डकॅटमध्ये चाकं आत घ्यायला हँडल हाताने सुमारे 30 वेळा फिरवावं लागायचं. आणि गोळ्या? ट्रिगर सलग दाबून धरला, तर साधारण 34 सेकंदांत खल्लास. याच विमानाने एडवर्ड ‘बुच’ ओहेअर हे नाव जगभर नेलं.

बुचचा जन्म 1914 चा, सेंट लुईसमधला. वडील वकील. शिकागोचा कुख्यात गँगस्टर अल कपोनशी त्यांचे धंद्याचे संबंध होते. पण कपोनला करचुकवेगिरीत आत टाकायला त्यांनीच सरकारला मदत केली. 1939 मध्ये गाडी चालवत असताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. बुच तेव्हा नौदलात विमान चालवायला शिकत होता.

20 फेब्रुवारी 1942. पॅसिफिक महासागरात ‘लेक्सिंग्टन’ या विमानवाहू जहाजावर जपानी बॉम्बर चालून आले. बाकीची फायटर विमानं पहिल्या तुकडीच्या मागे गेलेली, आणि तेवढ्यात दुसरी तुकडी आली. मध्ये दोनच वाइल्डकॅट. त्यातही जोडीदाराच्या बंदुका जॅम! आठ बॉम्बरसमोर बुच एकटा. त्याने जवळ जाऊन, इंजिनांवर नेम धरून, थोड्या थोड्या गोळ्या झाडल्या. काही मिनिटांत बंदुका रिकाम्या झाल्या, पण लेक्सिंग्टन वाचलं.

त्याच्या नावावर पाच विमानं लागली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या उपस्थितीत त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळालं. पुढे जपानी नोंदी तपासल्यावर त्याने पाडलेली विमानं तीनच निघाली. म्हणून काय झालं? आठांसमोर तो एकटा गेला, हे काही बदलत नाही.

एवढं नाव झाल्यावर घरी बसता आलं असतं. पण तो पुन्हा लढाईवर गेला. 26 नोव्हेंबर 1943 च्या रात्री ‘एंटरप्राइज’वरून त्याने हेलकॅट विमान उडवलं. जहाजावरून रात्री फायटर उडवण्याचा प्रयोग तेव्हा अगदी नवा होता. अंधारातल्या चकमकीत तो दिसेनासा झाला. ना विमान सापडलं, ना तो. वय अवघं 29.

1949 मध्ये शिकागोच्या विमानतळाला त्याचं नाव दिलं गेलं. तिकिटावरचा कोड मात्र अजून ‘ओआरडी’च आहे, कारण आधीचं नाव ‘ऑर्चर्ड’!

हे सगळं ऐकून रूममेटने ‘अमर्याद गोळ्या’वरची टिक काढली. पहिल्याच फेरीत साहेब समुद्रात! आणि हो, एमएससाठी शिकागोला उतरणार असाल, तर टर्मिनल 2 मध्ये एक वाइल्डकॅट ठेवलंय. सेल्फी काढा, पण आधी दोन मिनिटं त्याच्याकडे नीट बघा.