सर जॉन चार्नली : खुब्याचा सांधा आणि हाडांचं सिमेंट



खुब्याचा सांधा बदलल्याचं तुम्ही नात्यात, शेजारीपाजारी ऐकलंच असेल. या ऑपरेशनची आजची पद्धत रुळवणारे डॉक्टर म्हणजे सर जॉन चार्नली. आज त्यांची ओळख करून घेऊया.

त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडमधील बरी या गावी झाला. वडील औषधविक्रेते, आई परिचारिका. १९३५ साली ते मँचेस्टरला डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लष्करात सेवा केली. युद्धानंतरची एक गोष्ट मात्र मुलांना नक्की सांगा. हाड कसं जुळतं हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतःच्याच नडगीवर हाडाचा तुकडा बसवून घेतला! तिथे जंतुसंसर्ग झाला आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. हाडात जंतू शिरले की काय होतं, हे त्यांनी असं स्वतः भोगलं.

पुढे विगनजवळच्या राइटिंग्टन रुग्णालयात त्यांनी खुब्यावर काम सुरू केलं. धातूची दांडी मांडीच्या हाडात घट्ट कशी बसवायची, हा मोठा प्रश्न होता. मँचेस्टरमधील दंतसाहित्याचे अभ्यासक डेनिस स्मिथ यांनी कवळीसाठी वापरतात ते अ‍ॅक्रिलिक सुचवलं. पावडर आणि द्रव एकत्र कालवायचं, की काही मिनिटांत ते गरम होऊन दगडासारखं घट्ट होतं. हेच बोन सिमेंट. बरं का, ते डिंकासारखं चिकटवत नाही. भिंतीतल्या खुंटीभोवती सिमेंट भरतो ना, तसं ते पोकळी भरून दांडी पक्की धरतं.

सांध्याची वाटी आधी टेफ्लॉनची होती. ती तीन-चार वर्षांत झिजू लागली आणि शेकडो रुग्णांची पुन्हा ऑपरेशनं करावी लागली. १९६२ पासून पॉलिथिलीनची वाटी आली, ती टिकली.

पण जंतूंचं काय? सुरुवातीला शंभरातल्या आठ-नऊ जणांना संसर्ग व्हायचा. कृत्रिम सांध्यावर जंतू बसले की स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. धातूला रक्तपुरवठा नसतो, म्हणून गोळ्या-इंजेक्शनचं औषध तिथे नीट पोहोचत नाही. मग पू, वेदना आणि शेवटी बसवलेला सांधाच काढायची वेळ. चार्नली यांनी दोष हवेत शोधला. गाळलेली हवा सोडणारी खोलीतली खोली आणि डॉक्टरांचा श्वास बाहेर ओढून घेणारा पोशाख त्यांनी तयार केला. प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं.

त्याच काळात जर्मनीत हॅम्बर्गचे डॉ. हान्स विल्हेल्म बुखहोल्त्स यांनी वेगळाच मार्ग धरला. त्यांनी सिमेंटच्या पावडरीतच जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळलं आणि १९७० साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. हे औषध सिमेंटच्या उष्णतेने बिघडत नाही. ते हळूहळू झिरपत राहतं आणि नेमकं सांध्यापाशीच भरपूर मिळतं. रक्तात मात्र थोडंच जातं. चाळीस ग्रॅम पावडरीत साधारण अर्धा ते एक ग्रॅम पुरतं. जास्त घातलं तर सिमेंटच कमजोर होतं, म्हणजे स्वयंपाकातल्या मिठासारखंच! संसर्ग झालेला सांधा काढून, जागा साफ करून, त्याच ऑपरेशनमध्ये असं सिमेंट वापरून नवा सांधा बसवायलाही बुखहोल्त्स यांनी सुरुवात केली.

मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं. एकाने जंतूंना दारातच अडवलं, दुसऱ्याने घरात पहारा बसवला.

चार्नली यांना १९७७ साली सर हा किताब मिळाला. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी आठ हजारांहून अधिक सांधेरोपणांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अतिस्वच्छ हवेत केलेल्या ऑपरेशनमध्ये संसर्ग निम्म्याने कमी दिसला आणि सोबत प्रतिजैविकही दिलं होतं तिथे तो आणखी कमी होता.