खेळ तिचा, नाव दुसऱ्याचं

‘व्यापार’ हा खेळ माहीत नाही असं घर आपल्याकडे सापडणं कठीणच. उन्हाळ्याची सुट्टी लागली, दुपारी बाहेर पडायची सोय नसली की माळ्यावरून तो खोका खाली यायचा. चौकोनी पट, कडेने शहरांची नावं, खोट्या नोटा, एक फासा, एक बँकवाला आणि हटकून होणारी भांडणं! ज्याच्याकडे महागडी शहरं त्याची चैन, बाकीचे भाडं भरता भरता कफल्लक. हा आपला ‘व्यापार’ म्हणजे अमेरिकेतल्या ‘मोनोपॉली’ या खेळाचं देशी रूप, हे अनेकींना माहीत असेल. पण मैत्रिणींनो, मुळात हा खेळ एका बाईच्या डोक्यातून निघाला, आणि तोही श्रीमंत कसं व्हावं हे शिकवण्यासाठी नव्हे तर अगदी उलट कारणासाठी, हे ठाऊक आहे का?

तिचं नाव एलिझाबेथ मॅगी. सगळे तिला लिझी म्हणत. (आपल्या दोन मिनिटांच्या मॅगीशी हिचा काही संबंध नाही, बरं का!) जन्म ९ मे १८६६ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या मॅकोम्ब या लहानशा गावातला. वडील जेम्स मॅगी वर्तमानपत्र चालवायचे. गुलामगिरीच्या विरोधात लिहिणारे, बोलणारे हे गृहस्थ अब्राहम लिंकन यांच्याबरोबर प्रचाराच्या दौऱ्यांतही फिरलेले होते. घरात राजकारणाच्या गप्पा आणि छापखान्याच्या शाईचा वास. मुलगी म्हणून लिझीला त्यातून कुणी बाजूला बसवलं नाही. वडिलांनीच तिच्या हातात एक पुस्तक दिलं, हेन्री जॉर्ज यांचं ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’. १८७९ साली निघालेल्या या पुस्तकाने तिच्या पुढच्या सगळ्या आयुष्याला वळण दिलं.

काय होतं त्या पुस्तकात? साध्या शब्दांत सांगायचं तर असं. समजा गावाबाहेर कुणाचा एक मोकळा प्लॉट पडून आहे. मालकाने तिथे वीटसुद्धा लावलेली नाही. उद्या शेजारी एसटी स्टँड झाला, बाजार भरायला लागला, की त्या जागेची किंमत दहापट होते. ही किंमत वाढवली कुणी? तिथे राबणाऱ्या, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या गावाने. पण पैसा मिळतो एकट्या मालकाला, आणि दुकान टाकणाऱ्याला मात्र भाडं वाढवून द्यावं लागतं. हेन्री जॉर्ज यांचं म्हणणं होतं, की माणसाच्या कष्टावर कर लावू नका, कर लावा तो जमिनीच्या किमतीवर आणि तो पैसा सगळ्यांच्या कामी आणा. लिझीला हे मनापासून पटलं.

पुढे ती वॉशिंग्टन शहराच्या परिसरात आली. लघुलेखन आणि टायपिंग शिकली आणि टपाल खात्याच्या ‘डेड लेटर ऑफिस’मध्ये नोकरीला लागली. पत्ता चुकलेली, कुणालाच न पोचलेली पत्रं जिथे जमा व्हायची ते हे ऑफिस. नोकरी सांभाळून ती कविता लिहायची, कथा लिहायची, नाटकांत विनोदी कामं करायची. स्वतःच्या कमाईतून तिने घर घेतलं, जमीन घेतली. लग्न केलेलं नव्हतं. त्या काळात अमेरिकेतही हे जगावेगळंच होतं. बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला तो १९२० साली, म्हणजे पुष्कळ नंतर!

हात आणि डोकं दोन्ही चालणारी ही मुलगी. रोज टायपरायटरवर बसताना कागद रोलरमधून नीट सरकत नाही, हे तिला खटकायचं. तिने त्यावर उपाय शोधला आणि १८९३ साली त्याचं पेटंटही घेतलं. पेटंट म्हणजे ही युक्ती अमक्याची, दुसऱ्याने परस्पर वापरायची नाही, असा सरकारी कागद. तेव्हा ती होती जेमतेम सव्वीस वर्षांची.

संध्याकाळी ती हेन्री जॉर्ज यांच्या विचारांचे वर्ग घ्यायची. पण भाषणं ऐकायला येऊन येऊन येणार किती जण? लोकांना सांगण्यापेक्षा त्यांना अनुभवच द्यावा, असं तिच्या मनात आलं. आपल्याकडेही जुन्या लोकांनी हेच केलं होतं. आपल्या मोक्षपटात सद्गुणाची शिडी आणि दुर्गुणाचा साप असतो, खेळता खेळता शिकवण मिळते. लिझीने ठरवलं, आपण जमीनदारीचा पट करायचा.

नोकरीवरून आल्यावर ती रात्री या पटावर काम करत बसायची. तोवरच्या बहुतेक खेळांत एका टोकाला सुरुवात आणि दुसऱ्या टोकाला शेवट असे. हिने वाट चौकोनी केली, गोल गोल फिरत राहणारी. कडेने जागा, त्यांची किंमत आणि भाडं लिहिलेलं. चार बाजूंना चार रेल्वे. ब्रेड, कपडे, निवारा अशा रोजच्या गरजांची घरं होती, तिथे आलात की पैसे मोजायचेच. एका कोपऱ्यात धरणीमाता, तिथून फेरी पूर्ण केली की कष्टाची मजुरी म्हणून शंभर डॉलर. एका कोपऱ्यात सार्वजनिक बाग आणि कंगाल झालेल्यांसाठी अनाथालय, एका कोपऱ्यात तुरुंग. आणि एक कोपरा दूर लंडनमध्ये बसलेल्या एका बड्या लॉर्डच्या मालकीचा. त्याच्या जमिनीवर पाऊल पडलं की थेट तुरुंगात रवानगी! चिमटा कुणाला काढलाय हे खेळणाऱ्याला लगेच कळायचं. खेळाचं नाव ठेवलं ‘द लँडलॉर्ड्स गेम’, म्हणजे जमीनदाराचा खेळ. १९०३ मध्ये अर्ज केला आणि ५ जानेवारी १९०४ ला पेटंट हातात पडलं.

खरी गंमत पुढेच आहे. या खेळाला तिने नियमांचे दोन संच केले. पहिल्या नियमांनी खेळलं तर एकजण सगळं बळकावतो आणि बाकीचे रस्त्यावर येतात. दुसऱ्या नियमांनी खेळलं तर जमिनीचं भाडं सगळ्यांच्या तिजोरीत जातं आणि कुणाचंही भलं झालं की त्याचा वाटा सगळ्यांना मिळतो. ज्याने सगळ्यात कमी पैशांनी सुरुवात केली त्याचे पैसे दुप्पट झाले, की सगळेच जिंकले! पट तोच, फासे तेच, नियम बदलले की माणसंही बदलतात, हे मुलांना लहानपणीच दिसावं एवढीच तिची इच्छा होती.

आता खेळ तयार झाला, पण विकणार कोण? १९०६ च्या सुमारास तिने आपल्याच विचारांच्या मंडळींबरोबर न्यूयॉर्कमध्ये ‘इकॉनॉमिक गेम कंपनी’ उभी केली आणि खेळ छापून बाजारात आणला. आज ज्याला आपण स्वतःचा गृहउद्योग म्हणतो तसंच हे धाडस होतं. १९१३ मध्ये हाच खेळ ब्रिटनमध्ये वेगळ्या नावाने, ससा आणि कोल्ह्याच्या गोष्टीचं रूप घेऊन निघाला. पार्कर ब्रदर्स या अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीने तिचा ‘मॉक ट्रायल’ हा पत्त्यांचा खेळ १९१० मध्ये घेतला, जमीनदाराचा खेळ मात्र नाकारला.

याच काळात तिने आणखी एक खळबळ उडवून दिली. शिकागोत स्टेनोग्राफर म्हणून आठवड्याला जे दहा डॉलर मिळायचे त्यात भागत नव्हतं. मग तिने चक्क जाहिरात दिली, की एक तरुण अमेरिकन गुलाम स्त्री विकणे आहे, जास्त बोली लावणाऱ्याने घेऊन जावी! देशभर बातमी झाली. अपुऱ्या पगारावर राबणारी बाई स्वतंत्र म्हणायची कशी, मुली म्हणजे काय यंत्रं आहेत का, हे तिला लोकांच्या तोंडावर विचारायचं होतं. पुढे १९१० मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिने अल्बर्ट फिलिप्स यांच्याशी लग्न केलं. तेही तिच्या मर्जीने आणि तिच्या वेळेला.

इकडे खेळ आपल्या पायांनी गावोगाव निघाला होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले स्कॉट निअरिंग हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक विद्यार्थ्यांना तो शिकवायचे. विद्यार्थी आपापल्या घरी घेऊन जायचे. खोका विकत घेण्याची गरजच पडेना. एकाचा पट पाहून दुसरा मेणकापडावर नाहीतर पुठ्ठ्यावर पट काढायचा आणि आपल्या शहरातल्या रस्त्यांची नावं टाकायचा. आपल्याकडे लोणच्याचं प्रमाण जसं या घरून त्या घरी जातं अगदी तसं. प्रमाण पोचतं, पण ते मुळात कुणाचं हे तिसऱ्या घरापर्यंत विसरलेलं असतं! लिझीचंही तेच झालं. वाटेत तिचं नाव गळलं आणि दुसऱ्या नियमांचा संचही. लोकांना मजा बळकावण्यातच येत होती. पहिलं पेटंट १९२१ मध्ये संपलं, पण ती स्वस्थ बसली नाही. १९२४ मध्ये सुधारलेल्या खेळाचं दुसरं पेटंट तिने घेतलं.

अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या गावातल्या क्वेकर पंथाच्या लोकांनी पटावर आपल्या गावातल्या रस्त्यांची नावं घातली. तिथून तो फिलाडेल्फियाला गेला. महामंदीचे दिवस होते. १९३२ च्या सुमारास चार्ल्स डॅरो हा बेकार झालेला माणूस एका ओळखीच्या घरी हा खेळ शिकला. त्याने नियम टाईप करून मागून घेतले, एका चित्रकाराच्या मदतीने पट देखणा केला आणि स्वतःच तयार करून विकायला लागला. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने तो त्याच्याकडून विकत घेतला. ‘मोनोपॉली’ तडाखेबंद खपली आणि डॅरो लक्षाधीश झाला. खेळ आपणच शोधला, असंच तो सांगत राहिला. पण त्याच्या पटावर एक खूण राहून गेली. अटलांटिक सिटीजवळच्या ‘मार्व्हन गार्डन्स’चं नाव शिकवणाऱ्याच्या पटावर चुकून ‘मार्व्हिन’ पडलं होतं. डॅरोने तीही चूक जशीच्या तशी उतरवली, आणि ती लाखो पटांवर छापली गेली. परीक्षेत कॉपी करणारा पोरगा असाच सापडतो, नाही का?

लिझीचं पेटंट आहे हे कंपनीला ठाऊक होतं. जॉर्ज पार्कर स्वतः व्हर्जिनियात तिच्या घरी आले. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिचं पेटंट त्यांनी घेतलं, अवघ्या पाचशे डॉलरना. पुढे खपणाऱ्या खेळावर एक पैसाही नाही. एवढ्यावर ती तयार कशी झाली? मोठ्या कंपनीच्या हातून आपला विचार घराघरांत पोचेल, या आशेने. खरं तर तिला आनंदच झाला होता. तिचे आणखी दोन खेळ कंपनीने काढले, १९३९ मध्ये जमीनदाराचा खेळही काढला. पण लोकांच्या नजरेत ‘मोनोपॉली’च होती. आपली फसगत झाली हे तिला दिसायला लागलं होतं. जानेवारी १९३६ मध्येच जुने पट हातात धरून तिने वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रांना मुलाखती दिल्या, फोटो छापून आले. चार दिवस चर्चा झाली आणि थंडावली. डॅरोची गोष्ट ऐकायला जास्त गोड होती.

१९४० च्या जनगणनेत तिने आपला व्यवसाय खेळ तयार करणे असा सांगितला. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य होतं. तरी व्यवसाय तोच लिहिला, हे विसरू नये. १९४८ मध्ये ती गेली.

तिला पुन्हा शोधून काढलं ते एका कोर्टकचेरीने. सॅन फ्रान्सिस्कोतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक राल्फ अनस्पाक यांनी १९७३ मध्ये ‘अँटी-मोनोपॉली’ नावाचा खेळ काढला. नावावरून कंपनीशी भांडण जुंपलं. आपली बाजू मांडण्यासाठी ते जुने कागद चाळत गेले आणि त्यांना सापडलं १९०४ चं पेटंट, त्यावर सही एका बाईची. जुने पट बाहेर आले, लहानपणी तो खेळ खेळलेल्या म्हाताऱ्या माणसांनी साक्षी दिल्या. जवळजवळ दहा वर्षं खटला चालला, १९८३ मध्ये अनस्पाक जिंकले. २०१५ मध्ये मेरी पिलॉन या पत्रकार बाईंनी यावर पुस्तक लिहिलं आणि लिझीचं नाव जगभर झालं.

ती परत सापडली याचं श्रेय तिच्याच एका सवयीला द्यायला हवं. आपण केलेलं काम तिने दरवेळी आपल्या नावाने, तारखेसकट कागदावर नोंदवून ठेवलं होतं. आपल्यापैकी किती जणी हे करतात? कुणी भरतकामाचे नवे नमुने काढते, कुणी मसाल्याचं स्वतःचं प्रमाण बसवते, कुणी अंगणवाडीतल्या मुलांसाठी गाणी रचते, खेळ रचते. त्यात काय एवढं, असं म्हणून आपणच ते सोडून देतो. मग दुसऱ्याच कुणाच्या नावाने ते फिरायला लागलं की मनातल्या मनात चरफडतो. वहीच्या पानावर का होईना, नाव आणि तारीख टाका. विकायची वेळ आली तर सही करण्यापूर्वी एखाद्या जाणकाराला कागद दाखवा आणि पुढच्या प्रत्येक विक्रीतला वाटा मागायला लाजू नका. पाचशे डॉलर देऊन कंपनी मोकळी झाली, हे लिझीला फार महागात पडलं.

तिचं नाव आता तिला परत मिळालं आहे. सगळे मिळून जिंकण्याचे तिचे दुसरे नियम मात्र अजूनही कुठल्या खोक्यात सहसा सापडत नाहीत. ते तेवढे आपण घरच्या घरी चालू करू शकतो, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.