संत अपोलोनिया : दातदुखीची आश्रयदात्री

दर वर्षी ९ फेब्रुवारीला संत अपोलोनिया हिचे स्मरण केले जाते. संत अंतोनी किंवा संत तेरेजा यांच्याइतकी ती आपल्याकडे ओळखीची नाही. आपल्या धर्मग्रामात तिच्या नावाची एखादी मुलगी असल्याचेही आम्हाला आठवत नाही. पण तिचे चित्र एकदा पाहिले की माणूस ते विसरत नाही. एका हातात रक्तसाक्षींची खूण असलेली खजुराची झावळी, दुसऱ्या हातात चिमटा आणि त्या चिमट्यात एक दाढ. युरोपात शेकडो वर्षे दाढ ठणकू लागली की लोक तिचा धावा करीत. दातांचे डॉक्टरही तिलाच आपली आश्रयदात्री मानतात. दाढदुखी कोणाला चुकली आहे? म्हणून या रविवारी तिची हकिगत सांगतो, आणि ओघाने दाढेविषयीही चार शब्द.

इजिप्तमध्ये समुद्रकाठी आलेक्झांड्रिया हे शहर आहे. तिसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात रोमखालोखाल त्याचे नाव होते. व्यापार मोठा, विद्येचे माहेरघर, आणि वस्ती ग्रीक, इजिप्शियन, यहुदी अशी मिश्र. ख्रिस्ती लोकही बरेच होते. संत दियोनिसियुस हे त्यांचे बिशप. इ. स. २४८ संपून २४९ उजाडत होते आणि रोमच्या गादीवर सम्राट फिलिप होता. त्याच्या राज्यात ख्रिस्ती लोकांचा सरकारी छळ चालू नव्हता. सर्व साम्राज्यभर छळाचा हुकूम सुटला तो पुढच्या सम्राटाच्या, म्हणजे डेसियसच्या काळात. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण अपोलोनियाला मारले ते शिपायांनी नव्हे, न्यायाधीशानेही नव्हे. तिला मारले गावातल्याच लोकांनी.

शहरात एक कवी होता. भविष्य सांगण्याचाही त्याचा दावा होता. त्याने लोकांना ख्रिस्ती लोकांविरुद्ध चिथावले आणि जमाव पेटला. मेत्रास नावाच्या म्हाताऱ्याला पकडून देवनिंदेचे शब्द बोलायला सांगितले. तो बोलेना, तेव्हा त्याला बडवले, टोकदार बोरूंनी तोंड आणि डोळे टोचले आणि गावाबाहेर नेऊन दगडांनी ठेचले. क्विंता नावाच्या बाईला देवळात नेऊन पूजा कर म्हणून दटावले. तिने तोंड फिरवताच पाय धरून तिला फरसबंदी रस्त्यावरून फरफटत नेले आणि तिचाही शेवट दगडांनीच केला. मग लोक आपापल्या ओळखीच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरांत घुसले. किमती वस्तू पळवल्या आणि हलक्या लाकडी सामानाची रस्त्यात होळी केली.

त्या गर्दीच्या हाती अपोलोनिया सापडली. ती वयोवृद्ध होती, आजन्म कुमारी राहिलेली होती आणि ख्रिस्ती मंडळीत तिला मोठा मान होता. तिचे आईबाप कोण, ती काय काम करी, यातले काहीच नोंदलेले नाही. जमावाने तिच्या जबड्यावर इतके ठोसे मारले की तिचे सगळे दात पडले. मग गावाबाहेर लाकडे रचून आग पेटवली आणि देवनिंदेचे शब्द उच्चार, नाहीतर जिवंत जाळू, अशी धमकी दिली. तिने क्षणभर सोडण्याची विनंती केली. पकड सैल होताच तिने स्वतःच आगीत उडी घेतली आणि ती जळून गेली.

ही उडी वाचताना मन चरकते. आत्महत्या पाप आहे असे शिकवणाऱ्या ख्रिस्तसभेने तिला संत कसे म्हटले, असा प्रश्न पूर्वीही लोकांना पडला होता. संत ऑगस्टीनने छळाच्या काळात स्वतः मृत्यूला सामोऱ्या गेलेल्या स्त्रियांविषयी लिहिले आहे. त्यात अपोलोनियाचे नाव नाही. आपला जीव आपण घेऊ नये, हे त्याने ठामपणे सांगितले. पण अशा स्त्रियांच्या मनात त्या घडीला परमेश्वराने काय घातले असेल ते आपण ठरवू शकत नाही, असे म्हणून त्याने निवाडा करण्याचे टाळले. आम्हाला तरी वाटते की तिच्यापुढे जगण्याचा मार्ग उरलाच नव्हता. आग तिने पेटवली नव्हती.

हे सर्व आपल्याला कळते ते बिशप दियोनिसियुस यांनी अंत्युखियाचे बिशप फाबियुस यांना लिहिलेल्या पत्रामुळे. ख्रिस्तसभेचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियुसने ते पत्र आपल्या ग्रंथात उतरवून घेतले, म्हणून अपोलोनियाचे नाव टिकले. त्या पत्रात चिमटा नाही. ती तरुण व सुंदर होती असेही त्यात नाही. मध्ययुगातल्या चित्रकारांनी म्हातारीची तरुणी केली, काही कथांनी तर तिला राजकन्या केले आणि ठोशांच्या जागी चिमट्याने एकेक दात उपटल्याचे दाखवले. असे का झाले असावे, याचा आम्ही विचार केला. लोकांना रोजच्या आयुष्यात ज्याची धास्ती होती तो न्हाव्याचा चिमटा होता. त्या काळी दात उपटण्याचे काम न्हावीच करीत, तेही भूल न देता. ज्या वेदनेला लोक भीत, तीच त्यांनी आपल्या संताच्या तोंडात पाहिली.

दुसरा उपायही नव्हता. दाढेत किडा असतो आणि तो पोखरतो, असा समज बाबिलोनच्या काळापासून जगभर होता. आपल्याकडेही रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दाढेतले किडे पाडणारे वैदू बाजारात बसत, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात या किड्याची कल्पना नाकारली. भूल देऊन दात काढणे त्यानंतरही शंभरावर वर्षांनी शक्य झाले. १८४६ साली अमेरिकेत बोस्टन येथे इथर हुंगवून शस्त्रक्रिया होऊ शकते हे लोकांसमोर दाखवणारा विल्यम मॉर्टन दातांचाच डॉक्टर होता. त्याआधीची सोळा शतके अपोलोनियाचा धावा करण्यावाचून माणसाच्या हाती फारसे काही नव्हते. आज तशी स्थिती नाही, तरी आपण अजून त्याच सोळा शतकांत राहतो की काय अशी आम्हाला कधीकधी शंका येते.

आमचीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐन गळीत हंगामात आमची खालची दाढ ठणकू लागली. लवंग दाबली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, मेडिकलमधून गोळ्या आणल्या. रात्र रात्र झोप नाही. दोन आठवड्यांनी एका सकाळी ठणका आपोआप थांबला. देवाचे आभार मानले आणि कामाला लागलो. तीन आठवड्यांनी गाल सुजला, ताप भरला, तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. कोल्हापूरला चार दिवस दवाखान्यात पडून राहावे लागले. तिथल्या डॉक्टरांनी समजावले, की ठणका थांबला तेव्हा दाढ बरी झाली नव्हती, तिच्यातली नस मेली होती. जंतू मुळाखाली हाडात शिरले होते आणि तिथे पू साठत होता. दुखणे हत्तीच्या पावलांनी येते म्हणतात. हे मात्र मुंगीच्या पावलांनी आले होते आणि आम्हीच त्याला वाट करून दिली होती.

दाताचे वरचे कवच शरीरात सर्वांत कठीण असते. त्याच्या आत मऊ थर आणि अगदी मध्ये नस व रक्तवाहिन्या. आपण गोड खाल्ले की तोंडातले जंतू त्या साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल कवच झिजवते. प्रत्येक खाण्यानंतर साधारण अर्धा तास हे चालते. म्हणून जेवणानंतर एकदा गुळाचा खडा खाल्ला त्यापेक्षा दिवसभर सात वेळा गोड चहा घेतला, तर दातांचे नुकसान जास्त. आपला भाग उसाचा आणि गुळाचा, हे लक्षात ठेवलेले बरे. कीड आतल्या थरापर्यंत गेली की गार पाण्याने सणक येते. नसेपर्यंत गेली की रात्री आपोआप ठणका लागतो. पण प्रत्येक दुखणे किडीचेच नसते. हिरड्यांचा आजार, अर्धवट उगवलेली अक्कलदाढ, तडकलेला दात, सर्दीने भरलेले गालाच्या हाडातले सायनस, यांनीही दाढ दुखते. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर राहतो, असे होत असेल तर दुखणे हृदयाचे असू शकते. अशा वेळी दाताच्या नव्हे, मोठ्या डॉक्टरांकडे लगेच जावे.

मिश्रीविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. निपाणीची तंबाखू आपल्याला दोन पावलांवर, आणि घरोघरी आयाबाया तिची मिश्री भाजून सकाळ-संध्याकाळ लावतात. दाढ दुखली की पोरांच्याही दाढेत तंबाखू दाबतात. तिने थोडा वेळ बधिर वाटते एवढेच. कीड थांबत नाही, हिरड्या मात्र सुटतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, घरातली मिश्री तशीच राहिली. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तीन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तोंड उघडणे कमी कमी होत गेले, तर ते दुखत नसले तरी दाखवावे. न दुखणाऱ्या गोष्टीच तिथे अधिक वाईट असतात.

दाढ दुखू लागली तर तात्पुरते काय करावे? कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात आणि दातांत अडकलेले अन्न दोऱ्याने हळूच काढावे. गालावर बाहेरून गार पाण्याची पट्टी ठेवावी, सुजेवर शेक देऊ नये. रात्री उशी थोडी उंच घ्यावी. पॅरासिटामॉल वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणातच घ्यावी. लवंगेच्या तेलाचा एक थेंब कापसावर घेऊन दाढेला लावला तर बरे वाटते, पण ते हिरडीवर ओघळू देऊ नये आणि लहान मुलांना लावू नये. ॲस्पिरिनची गोळी दाढेजवळ दाबून ठेवणारे आम्ही पाहिले आहेत. तिने हिरडी भाजते. अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने आणू नये. ती पोकळी बुजवीत नाही आणि पूही बाहेर काढीत नाही. हे सारे डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंतचे आहे.

ठणका एक-दोन दिवसांत गेला नाही, रात्री झोपमोड झाली किंवा हिरडीवर फोड आला, तर दाताच्या डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असणाऱ्यांनी तेवढेही थांबू नये. चेहरा किंवा मान सुजणे, ताप, तोंड न उघडणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास यांपैकी काहीही दिसले तर त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठावे. अशा संसर्गाने माणसे दगावतात. खर्चाची भीती बऱ्याच जणांना असते. कोल्हापूरला सीपीआर आहे, सांगली आणि नवे पारगाव येथे दंत महाविद्यालये आहेत; महाविद्यालयांत उपचार खाजगीपेक्षा साधारणपणे स्वस्त पडतात. वेळेवर गेले तर नुसते सिमेंट भरून भागते. उशीर झाला की नसेचा उपचार किंवा दाढ काढणे, आणि त्याला खर्चही अनेक पटींनी.

एक गोष्ट अपोलोनियाच्या निमित्ताने सांगायला हवी. सायकलवरून पडून किंवा खेळताना मार लागून मुलाचा पक्का दात मुळासकट निघाला, तर तो फेकू नये. मूळ न धरता वरच्या बाजूने उचलावा, घासू नये, दुधात बुडवून तासाभरात डॉक्टरांकडे न्यावा. बऱ्याचदा तो परत बसतो. दुधाचा दात मात्र बसवीत नाहीत.

औषधपाणी केले म्हणजे श्रद्धा कमी पडली असे मानणारे आपल्यात अजून आहेत. अपोलोनियाची हकिगत लिहिणाऱ्या दियोनिसियुस यांनीच पुढे काही वर्षांनी आलेक्झांड्रियात आलेल्या साथीचेही वर्णन केले आहे. तेव्हा धर्मगुरू आणि साधे श्रद्धावंत रोग्यांची शुश्रूषा करता करता स्वतः मेले. ते मरण रक्तसाक्षीच्या मरणापेक्षा कमी नाही, असे त्यांचे मत होते.

१९६९ साली ख्रिस्तसभेच्या सर्वसाधारण दिनदर्शिकेतून अपोलोनियाचे नाव वगळले गेले, तरी रोमन रक्तसाक्षींच्या नामावलीत ते ९ फेब्रुवारीला आहेच. तिचे म्हणून दाखवले जाणारे दात एके काळी युरोपात इतक्या चर्चमध्ये होते, की ते एका तोंडात मावले नसते. भर रस्त्यात पडलेले ते दात त्या दंगलीत वेचले तरी कोणी असतील? रोमच्या त्रास्तेवेरे भागात तिच्या नावाचे एक चर्च होते. आज ते उभे नाही. तिथल्या लहानशा चौकाला मात्र अजून संत अपोलोनियाचेच नाव आहे.