सुटीतील वाचन आणि भीमराव आंबेडकर

उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांची व त्यांच्या पालकांची एकच मागणी असते : सुटीत काय वाचावे, त्याची यादी करून द्या. यादी देणे सोपे आहे. पण दुसऱ्याने केलेली यादी आठवड्याभरात पेटीच्या तळाशी जाते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून यंदा यादीऐवजी एका थोर वाचकाचे चरित्र सादर करीत आहो. हा वाचक आपणांस परका नव्हे. वडूज हे ज्याचे मुख्य ठिकाण, त्या ह्याच खटाव तालुक्यात तो लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीसाठी आला होता.

डॉक्टर भीमराव रामजी आंबेडकर ह्यांचा जन्म ता. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी हे लष्करातील शाळेत शिक्षक होते. पेन्शन झाल्यावर हे कुटुंब दापोलीस व पुढे साताऱ्यास आले. आई भीमाबाई साताऱ्यासच निवर्तल्या. ता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. त्या सुमारास दुष्काळपीडितांस काम मिळावे म्हणून आपल्या तालुक्यातील गोरेगाव येथे तलाव खोदण्याचे काम चालू होते व रामजी तेथे कॅशियरच्या जागेवर होते. १९०१ च्या उन्हाळ्यात त्यांनी मुलांस सुटीकरिता तिकडे बोलावले.

भीमराव, त्यांचे बंधू व घरची इतर मुले नवे कपडे व जरीच्या टोप्या घालून आगगाडीने मसूर स्टेशनास उतरली. येत असल्याचे पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते, त्यामुळे न्यावयास कोणी आले नाही. मुले अस्पृश्य मानलेल्या जातीची आहेत हे कळताच कोणी गाडीवान त्यांस घेईना. अखेर भाडे दुप्पट द्यावयाचे, गाडी मुलांनीच हाकावयाची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावयाचे, असे ठरले. रात्र एका टोलनाक्यापाशी काढावी लागली. शिदोरी जवळ होती. पण पाणी कोणी दिले नाही, म्हणून ती तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास मुले गोरेगावास पोहोचली. तो रस्ता आपल्याच मुलखातला, हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. पण स्वतः डॉक्टरसाहेबांनी तो प्रसंग लिहून ठेवला आहे, तेव्हा आम्ही तो गाळावा हे बरे नव्हे.

पुढे हे कुटुंब मुंबईस परळच्या चाळीत राहावयास गेले. खोली एकच, स्वयंपाक, निजणे, पैपाहुणा, सर्व काही तेथेच. अशा घरात मुलाने वाचावे कधी? वाचनाचा बेत म्हणजे पुस्तकांची नावे, असे आमचे विद्यार्थी समजतात. त्या खोलीत बेत आधी वेळेचा करावा लागला. भीमराव लवकर निजत. रामजी जागे राहात व रात्री दोन वाजता मुलास उठवून मग स्वतः अंग टाकीत. रात्रीचे ते नि:शब्द तास मुलाचे.

शालेय पुस्तकांबाहेरचे वाचन वाढले, तेव्हा रामजींस ते सर्वस्वी पसंत नव्हते. आधी नेमलेला अभ्यास व्हावा, ही बापाची स्वाभाविक इच्छा. तरीही मुलाने मागितलेले पुस्तक नाकारणे त्यांस जमत नसे. हातात पैसा नसला तर ते लग्न होऊन गेलेल्या मुलींकडे जात. उसने पैसे मिळाले तर ठीक, नाही तर मुलीचा दागिना गहाण ठेवून पुस्तक घेत व पेन्शन आली की तो सोडवून परत करीत. ज्या पालकांस अवांतर पुस्तकांचा खर्च व्यर्थ वाटतो, त्यांनी हा भाग मुद्दाम वाचावा.

शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत बसून वाचीत. त्याच बागेत विल्सन हायस्कूल ह्या मिशनच्या शाळेतील शिक्षक कृष्णराव अर्जुन केळूसकर फिरावयास येत. इतर मुले खेळत असता हा एक मुलगा नित्य पुस्तकात मान घालून बसलेला दिसे. केळूसकरांनी त्याची विचारपूस केली आणि तेव्हापासून ते त्यास स्वतःजवळची पुस्तके देऊ लागले, काय वाचावे हे सांगू लागले. मुलगा त्यांच्या शाळेचा नव्हता, तो एल्फिन्स्टन हायस्कुलात होता. पुढे भीमरावांच्या शालेय यशाबद्दल भरलेल्या सभेत केळूसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांस भेट दिले. महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्याकडून महाविद्यालयीन शिक्षणास साहाय्य मिळवून देण्यातही त्यांचाच पुढाकार होता.

एक इच्छा मात्र शाळेत पुरी झाली नाही. संस्कृत शिकावयाचे होते. जातीमुळे ते शिकू दिले नाही, म्हणून फारसी घ्यावे लागले. संस्कृताचा अभ्यास त्यांनी पुढे स्वतःच्या श्रमाने केला.

१९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी अर्थशास्त्राचे एकोणतीस व इतिहासाचे अकरा पाठ्यक्रम घेतले. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले. ते एका मित्राच्या हवाली केले, पण त्यांतील पुष्कळसे हिंदुस्थानात पोहोचलेच नाहीत. १९१७ मध्ये लंडनहून परतताना तर ज्या आगबोटीवर त्यांचे सामान व पुस्तके होती, ती महायुद्धाच्या धुमाळीत बुडविली गेली. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनास गेले व ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयात दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसू लागले. दादरचे राजगृह बांधले, तेही ग्रंथांस पुरेशी जागा हवी म्हणून.

ता. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी बुद्ध आणि त्यांचा धम्म ह्या आपल्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रास्ताविकात, ह्या विषयाकडे आपण प्रथम कसे वळलो हे सांगताना, त्यांनी शाळकरी वयात हाती आलेल्या त्या चरित्राचा उल्लेख केला. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. केळूसकर १९३४ मध्येच वारले होते.